गाव तेच, गोष्ट दुसरी

(नालवाडी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझा विषय ऐकून संयोजक फोनवर जरा थबकले होते. या मंचावरून शेती, खादी, नई तालीम यांवर बोललं जातं. तिथे दूरदर्शनवरची एक जुनी मालिका आणि तिचे पुढचे अवतार! मी त्यांना म्हटलं, मला टीव्हीवर बोलायचं नाही, अर्ध्या तासात संपणाऱ्या गोष्टीवर बोलायचं आहे, आणि त्यासाठी नालवाडी ही अगदी योग्य जागा आहे.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी गीतेवरचं पहिलं प्रवचन दिलं, १९ जूनच्या रविवारी अठरावं. अठरा रविवार, अठरा अध्याय, मध्ये एकही खाडा नाही. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस विनोबा इथे, नालवाडीला, राहायला आले. 'गीता प्रवचने' आपण पुस्तक म्हणून वाचतो, म्हणून एक गोष्ट निसटते. ती दर आठवड्याला एक अशी ऐकली गेली होती. प्रत्येक प्रवचन त्या दिवसापुरतं पुरं होतं. पुढच्या रविवारी काय होणार म्हणून ऐकणाऱ्याला टांगून ठेवलेलं नव्हतं. तरीही तो दुसऱ्या रविवारी यायचा. (तुरुंगात होता, जाणार कुठे, असं कोणी म्हणेल. तेही खरंच.) जागा तीच, आवाज तोच, विषय दर वेळी वेगळा आणि त्याच बैठकीत पुरा होणारा. ज्या मालिकेत दर भागाला नवी गोष्ट आणि नवी माणसं असतात, तिचा सांगाडा नेमका हाच असतो. तिला आपण आज कथामालिका म्हणू.

मराठी माणसाला सुट्या गोष्टींची सवय जुनी आहे. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण दर वर्षी एका जिल्दीत पंचवीस लेखकांच्या गोष्टी वाचत आलो. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार कथाकथनाला एकत्र निघाले, तेव्हा गावोगावच्या मैदानांवर लोकांनी तीन तऱ्हेच्या गोष्टी एका बैठकीत ऐकल्या. मग टीव्ही आला. १९८४ मध्ये 'हमलोग', १९८६ मध्ये 'बुनियाद' आणि 'नुक्कड', १९८७ च्या जानेवारीत 'रामायण'. या मोठ्या नावांच्या मधल्या जागेत दूरदर्शनने सुट्या गोष्टींच्या मालिकाही दाखवल्या: बासू चटर्जींची 'दर्पण', संदीप राय यांनी दिग्दर्शित केलेली 'सत्यजित राय प्रेझेंट्स', जगभरच्या कथांवरची 'कथासागर', भारतीय भाषांमधल्या कथांवरची मंजू सिंह यांची 'एक कहानी'. माझ्या वयाच्या लोकांना ही नावं झरझर आठवतात, चित्रं मात्र आठवत नाहीत. एखाद्या भागातला एखादा चेहरा, एखादा जिना, बस्स.

आर. के. नारायण यांच्या कथांवरच्या 'मालगुडी डेज'चं तसं नाही. तिची धून आत्ता कोणी गुणगुणली तर मागच्या रांगेतले लोकही साथ देतील. आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं आणि एल. वैद्यनाथन यांची ती शब्दाविना धून, एवढ्यावर घराघरांतली भांडी घासायची थांबायची. आमच्या वर्ध्याच्या आळीत ज्या घरी टीव्ही होता तिथे आम्ही पोरं दाराशी बसायचो आणि आतल्या आजीबाई दर वेळी एकच वाक्य बोलायच्या: "हे तं आपल्याच गावचं दिसते बाप्पा!" त्या कधी कर्नाटकात गेल्या नव्हत्या. पडद्यावरचं गाव होतं शिवमोग्गा जिल्ह्यातलं आगुंबे, घाटमाथ्यावरचं, प्रचंड पावसाचं. आपल्याकडच्या उन्हाळ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. कौलं वेगळी, अंगणं वेगळी, माणसांचं नेसणं वेगळं. तरी आजीबाईंना ते आपलं का वाटलं, या प्रश्नाने मला बरीच वर्षं सोडलेलं नाही. भोळ्या प्रेक्षकाचं कौतुक म्हणून ते वाक्य मी सांगत नाही. त्यांना मालिकेचं तंत्र आमच्यापेक्षा आधी कळलं होतं, असं आता मला वाटतं.

कथामालिकेची मोठी अडचण पैशाची असते. रोजच्या मालिकेत एक दिवाणखाना उभारला की तो हजार भाग चालतो. सासू तीच, जिना तोच, तुळशीवृंदावन तेच. जाहिरातदारालाही हे सोयीचं, कारण प्रेक्षकाला पात्रांची सवय लागते आणि सवयीला भाव येतो. सुट्या गोष्टीत मात्र दर भागाला नवं घर, नवे कपडे, नवे नट. शिवाय प्रेक्षकाची ओळख पहिल्या मिनिटापासून नव्याने करून घ्यावी लागते. कथामालिका पडद्यावरून हटल्या त्या लोकांची अभिरुची बिघडली म्हणून नव्हे, हिशोब जमेना म्हणून. दिग्दर्शक शंकर नाग आणि निर्माते टी. एस. नरसिंहन यांनी हा हिशोब एका गावावर सोडवला. कला दिग्दर्शक जॉन देवराज यांनी अख्खं आगुंबे मालगुडी करून टाकलं. आता गोष्ट मिठाईवाल्याची असो, ज्योतिषाची असो की शाळकरी पोराची, बाजार तोच, पार तोच, वळण तेच. गेल्या आठवड्यात ज्या ओट्यावर एकाचं भांडण झालं त्याच ओट्यावरून या आठवड्यात दुसरा कोणी छत्री घेऊन जातो. प्रेक्षक माणसांना ओळखत नसला तरी जागेला ओळखतो. आजीबाईंना आपलं वाटलं ते आगुंबे नव्हे. आठवड्यामागून आठवडे त्याच गल्लीत गेल्यामुळे ती गल्ली त्यांची झाली होती.

नारायण यांच्या लेखणीत हे आधीपासून होतं. १९३५ च्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'पासून त्यांनी तेच एक गाव लिहिलं. आणि ते गाव सिनेमावाल्यांनी एकदा हातचं घालवलंही होतं. १९६५ चा 'गाइड' आठवा. विजय आनंद यांचा तो चित्रपट चांगलाच आहे, त्यातल्या गाण्यांवर आमची पिढी वाढली. पण नारायण चिडले होते, आणि पुढे त्यांनी त्यावर एक खोचक लेखही लिहिला. त्यांनी सिनेमाच्या मंडळींना म्हैसूरच्या आसपास फिरवून आपल्या कादंबरीतल्या जागा दाखवल्या होत्या. मंडळी गेली राजस्थानात, कारण राजवाडे रंगीत फिल्मवर खुलतात. मालगुडी मोठं झालं आणि मालगुडी राहिलं नाही. म्हणजे पडद्यावरची 'मालगुडी डेज' हेही एका अर्थी पुनरुज्जीवनच होतं, वीस वर्षांनी एका फसलेल्या रूपांतराची केलेली दुरुस्ती.

ती करणारा माणूस आपल्याला फार परका नाही. शंकर नाग, मूळ आडनाव नागरकट्टे, घरची बोली कोकणी. तारुण्यात मुंबईला आले आणि मराठी रंगभूमीवर वावरले. पुण्याच्या प्लेगच्या काळावरचा '२२ जून १८९७' हा मराठी चित्रपट नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी केला, त्याच्या पटकथेत शंकर नाग यांचा हात आहे. नंतर ते कन्नड पडद्याचे मोठे नायक झाले. 'ऑटो राजा'मुळे बेंगळुरूच्या रिक्षांवर आजही त्यांचं चित्र दिसतं. मालिकेत शाळकरी स्वामीच्या वडिलांचं काम केलं गिरीश कर्नाडांनी, त्यांचा जन्म माथेरानचा. आणि स्वामी झालेला तो मुलगा, मास्टर मंजुनाथ, तीनच वर्षांनी 'अग्निपथ'मध्ये लहानपणचा विजय दीनानाथ चव्हाण झाला. मालगुडीतून निघालेलं पोरगं थेट मांडव्याला पोचलं, असं मी वर्गात सांगायचो. पोरं हसायची. शंकर नाग मात्र ३० सप्टेंबर १९९० ला दावणगेरेजवळ मोटार अपघातात गेले, वयाची छत्तिशीही पुरी झाली नव्हती. त्यांनी केलेले भाग ३९.

त्यातल्या एका भागावर आज थांबायचं आहे. नारायण यांच्या कथेचं इंग्रजी नाव 'द मिसिंग मेल', आपण 'हरवलेली डाक' म्हणू. तनप्पा नावाचा पोस्टमन आहे. पत्र देऊन तो पुढे जात नाही. ओट्यावर बसतो, पत्रात काय आहे विचारतो, सल्ला देतो. रामानुजम यांच्या मुलीचं लग्न जमत नाही, त्यात तनप्पा आपण होऊन पडतो. इकडच्या स्थळाची खबर तिकडे, तिकडची इकडे, जाऊन मुलाला भेटा म्हणून आग्रह. शेवटी स्थळ जुळतं, पण मुलाला लांबच्या प्रशिक्षणाला जायचं असल्यामुळे मुहूर्त एकच, २० मे. तो हुकला तर सगळंच हुकलं. लग्न थाटात लागतं. त्यानंतर काही दिवसांनी तनप्पा येतो आणि एक कार्ड व एक तार रामानुजमच्या हाती ठेवतो. सेलमचे काका अत्यवस्थ असल्याचं कार्ड लग्नाच्या आदल्या दिवशी आलं होतं, ते गेल्याची तार लग्नाच्या दिवशी. त्याने दोन्ही दाबून ठेवली होती. तक्रार केलीत तर माझी नोकरी जाईल, तुम्ही करू शकता, असं तो स्वतःच सांगतो. रामानुजम तक्रार करणार नाही म्हणतात, पण तुम्ही हे करायला नको होतं, असंही म्हणतात. गोष्ट संपली.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा आम्हा सगळ्यांना तनप्पा देवमाणूस वाटला. शेजारच्या दोन घरांत त्यावरून वाद झाल्याचंही आठवतं, पण वाद होता तो सुतकात लागलेलं लग्न लागतं की नाही यावर. पुढे शिकवताना पुन्हा पुन्हा पाहिली तेव्हा मला दिसू लागलं की ही गोष्ट चांगुलपणाची नाहीच, अधिकाराची आहे. दुसऱ्याच्या दुःखाची तारीख ठरवण्याचा अधिकार पोस्टमनला कोणी दिला? बरं, त्याने ते केलं नसतं तर पोरीचं काय झालं असतं? नारायण दोन्ही बाजूंना जागा देतात आणि शंकर नाग ती तशीच ठेवतात. पार्श्वसंगीत वाजवून कोणाची बाजू सांगत नाहीत.

इथे पुन्हा पाहण्याविषयी एक तक्रार नोंदवतो. आता हे भाग फोनवर मिळतात आणि लोक रात्रीतून सहा-सात पाहतात. तसे पाहिले की मालगुडी गुळचट लागतं. प्रत्येक गोष्टीचा शेवट मऊ, प्रत्येकात एक खट्याळ म्हातारा, धून आली, धून गेली. नव्या मुलांचं 'छान आहे पण एकसारखं आहे' हे म्हणणं मी ऐकतो तेव्हा मला ते चूक वाटत नाही. त्यांनी ते एकसारखंच पाहिलेलं असतं. 'हरवलेली डाक' पाहिल्यावर शेजाऱ्यांना वाद घालायला आठ दिवस मिळाले होते. तो आठवडा गोष्टीचाच भाग होता आणि तो चकत्यांत किंवा फायलीत साठवता येत नाही. अठरा प्रवचनं एका रात्रीत कोणी ऐकली असती तर साने गुरुजींचा हात दुखला असता, याहून जास्त काही झालं नसतं.

२००६ साली मालगुडी दूरदर्शनवर परत आली. दिग्दर्शिका कविता लंकेश, 'देवीरी'सारखा उत्तम कन्नड चित्रपट केलेल्या. पंधरा भाग झाले. मी ते पाहिले आणि माझ्याजवळ त्यातलं फारसं काही उरलं नाही. दोष मी त्यांच्या माथी मारणार नाही. गाजलेल्या बऱ्याच गोष्टी आधीच होऊन गेलेल्या, शंकर नागांची आठवण पुसली न गेलेली, आणि ज्या घरात एकच वाहिनी होती तिथे आता पन्नास. त्याहून मोठी अडचण वेगळीच. नाव, लेखक, वातावरण आणता येतं. १९८६ मधली चणचण आणता येत नाही, आणि पहिली मालिका घडली होती ती चणचणीतून. एक गाव, थोडा पैसा, थोडका वेळ, एक वाहिनी, म्हणून सगळं एका गल्लीत बसवणं भाग पडलं. सामान परत येतं, अडचण परत येत नाही. हे केवळ मालगुडीचं नाही, म्हणून आता थोडं लांब जाऊ.

अमेरिकेत रॉड सर्लिंग नावाचा टीव्ही-लेखक होता. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा खून झाला आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरींनी आरोपींना सोडून दिलं. सर्लिंगने त्यावरून नाटक लिहिलं. प्रायोजक पोलाद कंपनी घाबरली. दक्षिणेतल्या लोकांनी माल घेणं बंद केलं तर? मग कथानक उत्तरेकडे हलवलं, खुनाचा बळी बदलला, इतकंच काय, नेपथ्यातल्या कोकाकोलाच्या बाटल्याही काढायला लावल्या, कारण ते पेय दक्षिणेची आठवण करून देतं. १९५६ मध्ये ते दाखवलं गेलं तेव्हा त्यात मूळचं जवळजवळ काही नव्हतं. सर्लिंगने यातून धडा घेतला. माणसाविषयी सरळ बोलू देत नाहीत, तर परग्रहवासीयाच्या तोंडून बोलू. २ ऑक्टोबर १९५९ ला सीबीएसवर 'द ट्वायलाइट झोन' सुरू झाली. पाच वर्षं, १५६ भाग, त्यांपैकी ९२ त्याच्या एकट्याच्या लेखणीतून. तीही एमजीएम स्टुडिओच्या आवारातल्या उभ्या रस्त्यांवर काटकसरीने चित्रित झालेली. सिगारेट हातात घेऊन सर्लिंग स्वतः पडद्यावर येई आणि चार वाक्यांत गोष्ट उघडून देई.

तिचा १९६० मधला एक भाग सांगतो. मेपल स्ट्रीट नावाची साधी आळी. एका संध्याकाळी दिवे जातात, गाड्या बंद पडतात. एक पोरगं म्हणतं, माझ्या गोष्टीच्या पुस्तकात परग्रहावरचे लोक येण्याआधी असंच होतं, ते आपल्यातलेच होऊन राहतात. झालं. ज्याचे दिवे अचानक लागतात तो संशयित. जो रात्री आकाशाकडे बघत उभा असायचा तो संशयित. गोळी सुटते, शेजारी मरतो. शेवटी टेकडीवर दोन परग्रहवासी बसलेले दिसतात. त्यांनी फक्त वीज खाली-वर केली होती, बाकी सगळं आळीनेच केलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांत कम्युनिस्ट शोधणाऱ्या मॅकार्थीच्या काळाची धग तिथे अजून होती, नाव कोणाचंच घेतलेलं नव्हतं.

मालिका तीनदा परत आली. १९८५ मध्ये, २००२ मध्ये आणि २०१९ मध्ये, शिवाय १९८३ चा चित्रपट वेगळा. २००३ मध्ये मेपल स्ट्रीट नव्याने झाली तेव्हा परग्रहवासीयांच्या जागी सरकारची माणसं आली. दहशतवादाच्या भीतीत नागरिक कसे वागतात याचा प्रयोग चाललेला असतो. बदल चलाख वाटतो. पण जुन्या भागात गुन्हेगार शोधायला प्रेक्षकाला आपल्या आळीतच फिरावं लागत होतं. नव्या भागात त्याला एक गणवेश दाखवला जातो आणि तो निर्धास्त झोपायला जातो.

त्याच २००३ मधला एक दुसरा भाग मात्र मी पुनरुज्जीवनाचा नमुना म्हणून पुढे ठेवीन. १९६१ मध्ये एका सहा वर्षांच्या मुलाची गोष्ट होती. मनात आणलं की तो कोणालाही नाहीसा करू शकतो, त्यामुळे अख्खं गाव थरथरत 'छान केलंस' म्हणत जगतं. बिल मुमी नावाच्या बालनटाने तो मुलगा केला होता, क्लोरिस लीचमनने त्याची आई. चाळीस वर्षांनी त्याच दोघांनी तेच मायलेक पुन्हा केले. मुलगा आता मध्यमवयीन आहे, गाव अजून 'छान' म्हणतंच आहे, आणि त्याला एक मुलगी आहे. ती मुमीची खरी मुलगी. तिची ताकद बापाहून मोठी. जुनी गोष्ट इथे कोणी सजवली नाही. त्या गोष्टीचं इतक्या वर्षांत काय झालं, हे विचारलं. हुकूमशहाला पोर झालं तर? चाळीस वर्षं खोटं बोललेल्या गावाच्या जिभेचं काय होतं?

२०१९ च्या पर्वात निवेदक जॉर्डन पील. सर्लिंगला जे बोलू दिलं नव्हतं ते आता उघड बोलता येत होतं, आणि बरेचसे भाग बोलत सुटले. गोष्ट बाजूला आणि प्रवचन पुढे. अपवाद 'रीप्ले'चा. एक काळी आई मुलाला कॉलेजात सोडायला निघाली आहे, वाटेत एक गोरा पोलीस त्यांना गाठतो. तिच्या जुन्या कॅमेऱ्यात काळ मागे फिरवायची कळ आहे. ती दर वेळी मागे जाऊन वेगळी वाट धरते, आणि तो दर वेळी भेटतोच. एमेट टिलच्या नाटकातल्या काढून टाकलेल्या बाटल्या मला इथे पुन्हा टेबलावर ठेवलेल्या दिसल्या. इथे मोकळीक होती, पण गोष्टीने स्वतःवर एक नियम घालून घेतला: कळ दाबता येते, पोलीस टाळता येत नाही.

आपल्याकडे गूढकथेच्या वाटेने कथामालिकेचं काम रत्नाकर मतकरींनी केलं. 'गहिरे पाणी' ही त्यांची मालिका अल्फा मराठीवर होती, ती आठवणारे इथे काही जण असतील. मतकरी भुतापेक्षा माणसाच्या अपराधाला जास्त घाबरवू देतात, हे त्यांचं बलस्थान. १७ मे २०२० ला, करोनाच्या पहिल्या लाटेत, ते गेले. आणि नारायण धारपांच्या एका कथेचा धागा घेऊन अनिल बर्व्यांचे चिरंजीव राही बर्वे यांनी २०१८ मध्ये 'तुंबाड' केला, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारं. पहिल्या वेळी बेताचाच चालला. २०२४ मध्ये चित्रपटगृहांत पुन्हा लागला तेव्हा आधीपेक्षा जास्त गर्दी झाली. चित्रपटात एक चौकट बदललेली नव्हती. सहा वर्षांत प्रेक्षक एकमेकांना सांगून तयार झाले होते. कधी कधी नवी आवृत्ती काढायची गरजच नसते, जुनीलाच दुसरी संधी लागते.

मालगुडीचा आणखी एक अवतार सांगायचा राहिला. शिवमोग्याजवळच्या अरसाळू या छोट्या स्टेशनावर मालिकेचं चित्रण झालं होतं. रेल्वेने २०२० मध्ये तिथे मालगुडी संग्रहालय केलं, ते उभारायला पुन्हा जॉन देवराजच आले. काल्पनिक स्टेशनाला खरं स्टेशन मिळालं. लोक फोटो काढतात. मला यात वाईट काही दिसत नाही, पण इथे गोपुरीशेजारी उभा राहून बोलतो आहे म्हणून एवढं म्हणतो: विनोबांनी नालवाडीत सूतकताईच्या मजुरीवर जगून पाहिलं, गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं, सवर्ण ज्या कामाला शिवत नव्हते ते काम शिकवलं. चरखा काचेत ठेवता येतो. त्या मजुरीत भागतं का, हा प्रश्न काचेत मावत नाही. तुम्ही नालवाडीकर हे माझ्यापेक्षा जास्त जाणता, म्हणून पुढे जातो.

'हरवलेली डाक' आज कशी करायची? १५ जुलै २०१३ ला तारसेवा बंद झाली. मरणाची बातमी आता पोस्टमनच्या पायांच्या वेगाने येत नाही, अंत्ययात्रा निघायच्या आत गटागटांवर फिरते. गोष्टीचं यंत्रच मोडलं. एका शिबिरात मी मुलामुलींना तो भाग दाखवला आणि म्हटलं, तुमच्या गावात, आजच्या तारखेत लिहा. मुलांच्या एका गटाने पोस्टमनच्या जागी व्हॉट्सॲप गटाचा अ‍ॅडमिन आणला. तो निरोप खोडून टाकतो. दुसऱ्याने लगेच हरकत घेतली: 'हा मेसेज डिलीट केला आहे' असं खाली दिसतंच, मग तर सगळेच विचारतील काय होतं म्हणून. ती गोष्ट तिथेच मेली, आणि मरण्यासारखीच होती.

एका मुलीने आशाताई घेतली. मला आधी सुचायला हवं होतं, कारण आज घराघरांच्या आतल्या खोलीपर्यंत जाणारं, कोण दवाखान्यात आहे आणि कोणाला दिवस गेलेत हे जाणणारं सरकारी माणूस तेच. तिच्या गोष्टीत लग्नघर आहे, हळदीचा दिवस. नवरीच्या आजीचा सख्खा भाऊ सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती आहे. आशाताई दुसऱ्या पेशंटबरोबर तिथे गेलेली असते, तिच्या समोर तो जातो. भावाची माणसं घाबरलेली, लग्नघरी कोणी फोन करायला धजत नाही, ते आशाताईलाच म्हणतात, तुम्ही पाहा. ती मांडवात येते, तनप्पासारखं लपवत नाही. आजीला स्वयंपाकघरात बाजूला घेते आणि फक्त तिलाच सांगते. आजी थोडा वेळ परातीकडे बघते आणि म्हणते, "हळद लागू दे पोरीले. रडाचं तं मी राती रडतो."

नारायण यांच्या गोष्टीत बातमी दाबणारा दुःखाच्या बाहेरचा होता, म्हणून त्याच्यावर तक्रार करता येत होती. इथे ज्या बाईचा रडण्याचा हक्क सगळ्यांत मोठा, तीच ती दाबते, आणि तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नच उरत नाही. जुन्या गोष्टीतला पेच तसाच, त्याचा काटा मात्र दुसऱ्या बाजूने टोचतो. शिबिरातला एक धर्मशास्त्री मुलगा उठला: आजीच्या माहेरचं सुतक या घराला लागत नाही, मग लपवायचं कारण काय? ती मुलगी म्हणाली, "सुतक नसन लागत, पण वाजंत्री तं बंद करा लागली असती ना."

तिच्या लिखाणात मी फक्त दोन वाक्यं कापली, दोन्ही शेवटाकडची, आशाताईने देवाला हात जोडले वगैरे. बाकी गोष्ट चोवीस मिनिटांत बरोबर बसते. नालवाडीतच चित्रित करायचा विचार आहे: एक घर, एक मांडव, दवाखान्याच्या बाहेरचा एक बाक. पैसे कमी आहेत, ते ठीकच. कॅमेरा आहे, आशाताईही मिळाली आहे. आजी मिळालेली नाही. इथे बसलेल्यांपैकी कोणी तयार असेल, किंवा कोणाच्या घरी कोणी असेल, तर मी खाली उतरल्यावर मला भेटा.